जर्मनीत शिकायला जाताना किराणा: बॅगेतून काय काढायचे, तिथे काय कुठे घ्यायचे

खडीसाखर :
भाची ऑक्टोबरच्या सत्राला आखेनला चालली आहे. शाकाहारी आहे, अंडे चालते, चीजमधल्या रेनेटबद्दल (वासराच्या जठरातले, दूध फाडणारे एन्झाइम) काटेकोर आहे. २३ किलोच्या दोन बॅगा. घरात यादीवरून जुंपली आहे. आजीचे म्हणणे पाच किलो कणीक, तूप, तांदूळ बांधून द्या. तिच्या मैत्रिणींचे म्हणणे तिथे सगळे मिळते. "सगळे मिळते" हे उत्तर नको. कुठल्या दुकानात, कुठल्या नावाने, आणि घेताना काय फसते ते सांगा. आखेनचेच हवे असे नाही, जर्मनीतले कुठलेही चालेल.

राईनकाठ :
आधी बॅगेतून काय काढायचे ते सांगतो. घालायची यादी प्रत्येक घराची वेगळी, काढायची सगळ्यांची एकच.

तूप काढा. पेढे, बर्फी, खवा, पनीर, दुधाची पावडर सगळे काढा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. थोडेसेच आहे, घरचे आहे, आजीने कढवले आहे, यातले काहीही तिथे चालत नाही. चितळ्यांची बाकरवडी न्या, आंबा बर्फी घरीच ठेवा, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

ताजी फळे, भाज्या, कढीपत्त्याच्या डहाळ्या यांना १४ डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर आणि दुरियान एवढीच सुटली आहेत. कढीपत्ता वाळवून न्या.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नकोत. इथे आडवा येतो तो विमानाचा नियम. खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि मालवाहतुकीच्या वर्गवारीत ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत मोडते, त्यामुळे एक्स-रेत वाटी दिसली की बॅग बाजूला पडते. तिथे खोबऱ्याचा किस "कोकोसरास्पेल" नावाने केकच्या सामानाच्या रांगेत मिळतो. मंद आचेवर भाजला की वाटणाला पुरतो.

आणि खसखस. तिकीट दुबई किंवा अबुधाबीवरून असेल तर चिमूटभरही नको, अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. गोडा मसाला घरी करणार असाल तर खसखस वगळूनच करा. गंमत अशी की जर्मनीत पोचल्यावर बेकरीच्या निम्म्या पदार्थांवर निळी खसखस, म्हणजे "मोन", पेरलेली दिसेल.

आता न्यायचे ते. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुले, हिंग. या सहा वस्तू तिथल्या भारतीय दुकानांत एकतर मिळत नाहीत किंवा उत्तरेकडच्या चवीच्या मिळतात. हिंग ५० ग्रॅम वर्षभर पुरतो. भाजणी दोन किलोपेक्षा जास्त नको, सहा महिन्यांनी खवट वास धरते. घरच्या पुड्यांवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहून चिकटवा. बिनलेबलची तपकिरी पूड तपासनिसाला उगाच विचारात पाडते. सुकामेवा आणि फरसाणाची बरीच दुकाने व्हॅक्यूम पॅकिंग करून देतात, मसाला त्यात भरून घेतला की बॅगेतल्या कपड्यांना वास लागत नाही.

तांदूळ, डाळ, कणीक, साखर, मीठ: शून्य किलो. आजींना सांगा की वजनाचा प्रश्न आहे.

तिखटमीठ :
राईनकाठ यांच्या यादीत लोणचे राहिले. ते चेक-इनमध्येच. केबिनमध्ये तेलातले लोणचे द्रवात धरतात आणि १०० मिलीच्या नियमात अडकते. काचेच्या बरणीपेक्षा जाड पाऊच बरे.

गिरणीकर :
पोळीच्या पिठाबद्दल सविस्तर लिहितो, कारण पहिल्या महिन्यात सगळ्यांचे इथेच अडते.

जर्मन पिठाच्या पाकिटावर "ट्यूपे" आणि पुढे आकडा असतो: ४०५, ५५०, १०५०. हा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणारी राख, मिलिग्रॅममध्ये. राख म्हणजे खनिजे, आणि खनिजे असतात कोंड्यात. म्हणून आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा. ५५० पावाचा मैदा. १०५० तांबूस, पण कणकेपेक्षा पांढरे. "फोलकोर्न" म्हणजे संपूर्ण गव्हाचे, त्याला आकडा नसतो.

नुसत्या फोलकोर्नच्या पोळ्या कडेने तडकतात, कारण कोंड्याचे तुकडे मोठे असतात. नुसत्या ४०५ च्या गार झाल्या की चामड्यासारख्या होतात. निम्मे फोलकोर्न, निम्मे ५५० हे मिश्रण जमते. फोलकोर्न बारीक दळलेले घ्या, पाकिटावर "फाइन" असे लिहिलेले असते. नाहीतर चाळणीने वरचा जाड कोंडा काढा.

दुसरी अडचण पाण्याची. आपली कणीक दगडी जात्यात दळताना पिठातल्या स्टार्चचे कण चिरडतात आणि असे पीठ पाणी जास्त पिते. तिथले पीठ पोलादी रोलरमधून जाते, गहूही मऊ जातीचा असतो. घरच्या अंदाजाने पाणी घातले की गोळा हाताला चिकटतो, मग वर पीठ, मग पोळी कडक. १०० ग्रॅमला ५५ मिलीपासून सुरू करा आणि चमच्याने वाढवा. पाणी कोमट, चमचाभर तेल, आणि अर्धा तास झाकून ठेवणे हवेच. कोंडा पाणी प्यायला वेळ घेतो.

भारतीय दुकानात आटा मिळतोच, ५ आणि १० किलोच्या पिशव्यांत. किलोमागे ४०५ पेक्षा बराच महाग पडतो, पण रोज पोळ्या करणार असाल तर तोच घ्या. आठवड्यातून दोनदा करणार असाल तर मिश्रण पुरे.

उंबरठा :
गिरणीकर, १०५० एकटे का नको? बरेच जण तेच वापरतात.

गिरणीकर :
चालते. रंग फिका येतो आणि चव थोडी नानकडे झुकते, एवढेच. सोपे म्हणून सुरुवातीला तेच घ्या हवे तर. "डिंकेल" मात्र टाळा. तो गव्हाचाच जुना प्रकार आहे, लाटायला छान सैल पडतो, पण त्याचे ग्लुटेन नाजूक असते. जास्त मळले की पोळी फुगायच्या आधी फाटते.

सायंतारा :
डिंकेलबद्दल असहमत. ६३० आकड्याचे डिंकेल कमी मळून, लगेच लाटून घडीची पोळी मऊसूत होते आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. फुलके करणार असाल तर गिरणीकरांचे बरोबर.

अनुस्वार :
दुकानांबद्दल कोणीच लिहिले नाही अजून. तीन प्रकारची दुकाने धरून चला.

एक, आल्डी, लिडल, पेनी, नेट्टो. स्वस्त, माल मोजका, बहुतेक स्वतःच्या ब्रँडचा. दूध, लोणी, दही, पीठ, साखर, तेल, बटाटे, कांदे, कोबी, फ्लॉवर, गाजर, गोठवलेले मटार इथून. रेवे आणि एडेका मोठी आणि थोडी महाग, पण त्यांचा "या" आणि "गुट अँड ग्युन्स्टिग" हा स्वस्त माल आल्डीच्या तोडीचा असतो आणि तो मुद्दाम खालच्या फळीवर ठेवतात. वाकून बघायची सवय लावा.

दोन, तुर्की किंवा अरबी दुकान. कोथिंबीर आणि पुदिन्याची मोठी जुडी, हिरव्या मिरच्या, भेंडी, लहान वांगी, छोले, मसूर, दहा टक्के स्निग्धांशाचे दही किलोच्या डब्यात. सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर कुंडीत नाहीतर प्लास्टिकच्या इवल्या डबीत येते आणि भाव तेवढाच. इथे एक नजरचूक नेहमीची: शेजारीच चपट्या पानांची पेटरझीली, म्हणजे पार्सली, ठेवलेली असते, दिसायला हुबेहूब कोथिंबीर. पान चुरगळून वास घ्या. लहान दुकानांत कार्ड चालेलच असे नाही, वीस युरो रोख खिशात असू द्या.

तीन, भारतीय किंवा आशियाई दुकान. तूरडाळ, उडीद, पोहे, मोहरी, कढीपत्ता, गूळ, साबुदाणा. महिन्यातून एकदा पुरे. कढीपत्ता आणि मिरच्या धुऊन, कोरड्या करून फ्रीझरमध्ये टाकल्या की दोन महिने टिकतात.

चौथे धरायचे तर डीएम आणि रॉसमान. साबण-शाम्पूची दुकाने, पण मसूर, ओट्स, राजगिरा असा ऑरगॅनिक किराणाही ठेवतात. राजगिरा "अमारांट" नावाने. उपवासाला उपयोगी.

फळीवरच्या किमतीच्या चिठ्ठीत खाली बारीक अक्षरात "ग्रुंडप्राइस" असते, म्हणजे किलोचा किंवा लिटरचा दर. तुलना त्याचीच करा. मोठे पाकीट स्वस्त असतेच असे नाही. कर किमतीतच धरलेला असतो, काउंटरवर वर काही लागत नाही.

खडीसाखर :
वा, हे हवे होते. मसाल्यांची आणि डाळींची नावे कोणी देईल का? आणि तूप नेता येत नाही तर तिथे काय?

तिखटमीठ :
जिरे म्हणजे "क्रॉयत्सक्युमेल". नुसते "क्युमेल" लिहिलेली बाटली उचलू नका. दिसायला जिऱ्याची बहीण, पण ते कॅरावे, कोबी आणि पावात घालतात. फोडणीत पडले की आमटीला ओव्याशी नाते सांगणारा वास येतो. हळद "कुर्कुमा", मेथ्या "बॉक्सहोर्नक्ले", धने "कोरिआंडर" (पानालाही तोच शब्द). मोहरी "झेन्फक्योर्नर", पण सुपरमार्केटमध्ये पिवळी असते, तडतडते पण चव मिळमिळीत. काळी भारतीय दुकानातून. लाल तिखटाच्या जागी "पाप्रिका एडेलझ्यूस" घेतलेत तर नुसता रंग येईल, तिखटपणा नाही. "रोझेनशार्फ" थोडे तिखट. खाण्याचा सोडा "नाट्रॉन", बेकिंग पावडर "बाकपुल्फर", कॉर्नफ्लोर "श्पाइझेष्टेर्के".

डाळी: "रोटे लिन्झन" म्हणजे मसूर डाळ, सगळीकडे मिळते, पंधरा मिनिटांत शिजते, कुकर लागत नाही. रोजच्या वरणाला विद्यार्थ्याने हीच धरावी. "गेल्बे शेलएर्ब्सन" बघून तूरडाळ वाटते. ती वाटाण्याची डाळ. शिजते छान, पण तुरीची चव नाही. निम्मी तूर, निम्मी ही असे केले तर कोणाला कळत नाही. डीएममधले "किशरएर्ब्सनमेल" म्हणजे बेसन खरे, पण काबुली चण्याचे. भज्यांना चालते, पिठल्याला चव वेगळी लागते.

रवा "ग्रीस". दोन प्रकार, "वाइशवाइत्सन" आणि "हार्टवाइत्सन". उपम्याला दुसरा. पहिल्याचा लगदा होतो, तो शिऱ्याला किंवा खिरीला ठेवा.

तूप म्हणजे "बुटरश्माल्त्स", लोण्याच्या शेजारी मिळते. नुसते "श्माल्त्स" किंवा "श्वाइनेश्माल्त्स" म्हणजे डुकराची चरबी. शाकाहारी माणसाने हा एक शब्द पाठच करावा. लोण्यापासून घरी कढवायचे असेल तर "झाउअररामबुटर" घ्या, ते आंबवलेल्या सायीचे असते, तुपाला ताकातल्या लोण्याचा वास येतो. "झ्यूसराम" गोड्या सायीचे, तूप होते पण सपक. अडीचशे ग्रॅमच्या वडीतून दोनशेच्या आसपास तूप निघते.

राईनकाठ :
बटाट्यांचे राहिले. पिशवीवर शिजण्याचा प्रकार लिहिलेला असतो. "फेस्टकोखेंड" घट्ट राहतो: काचऱ्या, रस्सा. "मेलिगकोखेंड" पिठूळ: बटाटेवडा, पराठा. "फोरवीगेंड" मधला. बहुतेक पिशव्यांवर घट्टला हिरवा, मधल्याला लाल, पिठूळला निळा रंग असतो. घट्ट बटाट्याचा वडा केला तर सारण चिकट होते आणि तळताना फुटते. दोष बेसनाला जातो.

पालक घेताना "ब्लाटश्पिनाट". "रामश्पिनाट" मध्ये आधीच साय आणि मसाला असतो. नवलकोल तिथे ढीगभर मिळतो, "कोलराबी" म्हणून, नगावर.

पेठेतली_सुगरण :
दही कसे लावायचे? सूनबाईची तक्रार आहे की तिथे दही लागतच नाही, लागले तर गोडसर आणि तारेचे.

सायंतारा :
काकू, तीन कारणे असतात.

विरजण. डब्यावर "योगुर्ट मिल्ड" असेल तर त्यात नेहमीच्या बल्गारिकस जिवाणूऐवजी सौम्य जातीचे घातलेले असतात, ते आंबट होऊच देत नाहीत. "मिल्ड" शब्द नसलेले साधे "नाटूरयोगुर्ट" किंवा तुर्की दही विरजणाला घ्या. "वेर्मेबेहान्डेल्ट" लिहिलेले तर मुळीच नको, ते तापवून जिवाणू मारलेले असते.

तापमान. थंडीत खोल्या १८ ते २० अंशांवर असतात, तिथे रात्रभरात काही होत नाही. दूध ४२ ते ४५ अंश, म्हणजे बोट दहा सेकंद ठेवता येईल इतके. अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण. मग ओव्हन बंद ठेवून आतला फक्त दिवा लावायचा. आठ तास. ओव्हनला दिवा नसेल तर रुंद तोंडाचा थर्मास.

दूध. "हा-मिल्श" म्हणजे टेट्रापॅकचे, अतिउष्णतेवर तापवलेले, न उघडता बाहेर महिनोन् महिने टिकते. त्याला उकळायची गरज नाही, नुसते कोमट करा. "फ्रिशमिल्श" फ्रिजमधले, दह्यासाठी ते एकदा ८५ अंशांपर्यंत तापवून घेतले तर दही घट्ट होते. ३.५ टक्क्यांचे घ्या, १.५ चे "फेटआर्म" पातळ होते. तारेचे दही बहुधा जास्त विरजण आणि कमी ऊब यामुळे.

पनीर करायचे असेल तर उलट: फ्रिशमिल्शच हवे. हा-मिल्श लिंबाने फाटते, पण त्याचा चोथा मऊ भुगा होतो, वड्या पडत नाहीत, कारण तापवताना निवळीतली प्रथिने बदलून केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटलेली असतात.

ताक करायचा कंटाळा आला तर "बुटरमिल्श" घ्या, मीठ-जिरे घालून निभते.

अनुस्वार :
श्रीखंडाला बरेच जण क्वार्क सुचवतात, पण भाची रेनेटबद्दल काटेकोर आहे म्हणून सांगतो: क्वार्क करताना थोडे "लाब", म्हणजे रेनेट, वापरण्याची पद्धत आहे. त्याऐवजी तुर्की "स्यूझमे", ते नुसते टांगलेले दही असते. थेट साखर-वेलची घाला.

चीजबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. युरोपच्या लेबल नियमांत चीज बनवायला लागणारे एन्झाइम घटकांत लिहिण्याची सक्ती नाही. म्हणजे यादीत "लाब" दिसले नाही तर ते शाकाहारी आहे असे होत नाही. "मिक्रोबिएलेस लाब", म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचे, असे स्पष्ट लिहिलेले असेल, किंवा पिवळ्या वर्तुळातले हिरव्या पानाचे व्ही-लेबल असेल तरच घ्या. पार्मेजान कधीच शाकाहारी नसते.

"गेलाटीने", म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचे जिलेटिन, हे दुसरे. गमीबेअर, मार्शमॅलो यांत तर असतेच, पण काही फळांच्या दह्यांत आणि पुडिंगांतही असते. गाळून नितळ केलेल्या सफरचंदाच्या रसात जिलेटिनने निवळण्याची पद्धत आहे आणि ते लेबलवर येत नाही. "नाटूरट्र्यूब", म्हणजे गढूळ, घ्या. स्पेट्झले या जर्मन शेवयांमध्ये अंडे असते. हिरवा-लाल ठिपका तिथे नाही, हे घरी सगळ्यांना सांगून ठेवा.

हिशेबनीस :
बाटल्यांचे कोणीच लिहिले नाही. पेयाच्या किमतीवर "प्फांड", म्हणजे बाटली परत दिली की मिळणारी अनामत, वेगळा लागतो: प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटल्या आणि कॅनला २५ सेंट, बियरच्या काचेच्या साध्या बाटलीला ८, पुन्हा भरायच्या बऱ्याच बाटल्यांना १५. २०२४ पासून प्लास्टिक बाटलीतल्या दुधालाही. रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटच्या दाराशी असलेल्या यंत्रात तळ पुढे करून सरकवायच्या, शेवटी बटण दाबले की "बॉन", म्हणजे पावती, येतो, तो काउंटरवर बिलातून वजा करून घ्यायचा. बाटली चुरगळू नका आणि लेबल फाडू नका. यंत्र बारकोड वाचते, वाचता आला नाही की बाटली परत बाहेर. मोठ्या दुकानांना एकदाच वापरायच्या बाटल्या कुठल्याही ब्रँडच्या घ्याव्या लागतात. काचेच्या मात्र त्यांच्याकडे विकल्या जाणाऱ्याच. तसे तिथे नळाचे पाणी पिण्याजोगे असते, पाण्याच्या बाटल्या उचलून आणायचे कारणच नाही.

ट्रॉलीला ५० सेंट, १ किंवा २ युरोचे नाणे लागते, परत लावली की नाणे परत. पिशवी घरून न्यायची. काउंटरवर सामान पट्ट्यावर ठेवून मागे आडवी दांडी ठेवायची, म्हणजे पुढच्याचे सामान मिसळत नाही. आल्डी-लिडलमध्ये माल इतक्या वेगाने सरकवतात की तिथेच पिशवी भरत बसले तर मागची रांग खोळंबते. सगळे परत ट्रॉलीत टाका, पैसे द्या, मग भिंतीकडच्या फळीवर निवांत भरा. काही दुकानांत सुटी भाजी स्वतः काट्यावर ठेवून, फळीवरचा नंबर दाबून चिठ्ठी लावायची असते. काटा भाजीपाशी दिसला तर समजावे.

संध्याकाळी फ्रिजच्या कोपऱ्यात "रेडुत्सिर्ट", म्हणजे भाव उतरवलेल्या, चिठ्ठ्यांचा माल असतो. त्यावरच्या तारखा दोन प्रकारच्या. "मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस" म्हणजे तोवर गुणवत्तेची हमी. दही, लोणी त्यानंतरही वास-चव बघून खाता येते. "त्सू फरब्राउखेन बिस" ही खरी शेवटची तारीख, ती ओलांडू नये.

उंबरठा :
कुकर न्यावा का? आणि मिक्सर?

राईनकाठ :
कुकर न्यावा, पण स्टीलचा, इंडक्शन तळाचा, तीन लिटर. अॅल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही, आणि वसतिगृहात कुठली शेगडी मिळेल ते आधी कळत नाही. बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत घेताना खिशात फ्रिजवरचे चुंबक ठेवा. तळाला घट्ट चिकटले तर ठीक. सोबत त्याच मापाची दोन गास्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. तिथले "श्नेलकोखटॉप्फ" शिट्ट्या देत नाहीत, दांडीवरच्या रेघा वर येतात त्यावर वेळ लावायची असते, आणि महागही.

मिक्सरला विजेचा प्रश्न नाही, दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्रश्न पिनचा. आपली तीन पिनांची गोल, तिथे "शुको". अॅडॅप्टर अर्थिंगवाला घ्या, फुटपाथवरचा दोन पिनांचा ७५० वॅटच्या मिक्सरला लावू नका. माझे मत विचाराल तर मिक्सर घरीच ठेवा. भांड्यांसकट बॅगेची पाव जागा जाते आणि चटणीपुरते काम तिथल्या हातातल्या ब्लेंडरने होते.

फोडणी देताना स्वयंपाकघराचे दार बंद, खिडकी उघडी. खोल्यांत धूर-सूचक असतात.

गिरणीकर :
कडधान्य शिजत नाही अशी तक्रार आली तर कुकरआधी पाण्याकडे बघा. जर्मनीच्या बऱ्याच भागांत पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो तोच पुरावा. कॅल्शियममुळे छोल्यांची साल कडक राहते. भिजवताना वाटीभर छोल्यांना पाव चमचा नाट्रॉन, सकाळी ते पाणी टाकून नवे. आणि आमसूल, चिंच, टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच.

एकटा माणूस आणि फ्रिजचा एक कप्पा एवढीच जागा असेल तर आटा दहा किलोचा आणू नका. उघड्या पिशवीत पतंग होतात आणि मग सगळ्या फ्लॅटचा किराणा टाकावा लागतो. घट्ट झाकणाचे डबे, पाच किलो, बस्स.

पेठेतली_सुगरण :
साबुदाण्याची खिचडी?

तिखटमीठ :
भारतीय दुकानातलाच. आशियाई दुकानात "टॅपिओका पर्ल्स" म्हणून थाई दाणे मिळतात, ते भिजवले की विरघळून खळ होते. आपल्या साबुदाण्याचा दाणा करताना भाजलेला असतो, म्हणून तो टिकतो. शेंगदाणे सुपरमार्केटमध्ये बहुतेक भाजून खारवलेले. "ओने झाल्त्स", म्हणजे बिनमिठाचे, बघून घ्या किंवा तुर्की दुकानातून कच्चे आणून भाजा. गूळ संपला तर "फोलरोरत्सुकर", म्हणजे उसाची तपकिरी कच्ची साखर, आमटीत चालते.

खडीसाखर :
सगळ्यांचे आभार. यादी जवळपास झाली, तूप-तांदूळ बाहेर काढले आणि आजी आता भाजणी दळायला गिरणीत गेल्या आहेत. एकच शेवटचे: तिचे विमान यंदा २ ऑक्टोबरला, शुक्रवारी दुपारी उतरते. पहिल्या दिवशी किराण्यासाठी किती धावपळ करावी?

हिशेबनीस :
बरे झाले तारीख सांगितलीत. ३ ऑक्टोबर राष्ट्रीय सुट्टी, आणि २०२६ मध्ये ती शनिवारी येते. रविवारी दुकाने तशीही बंद. म्हणजे शुक्रवार रात्रीनंतर थेट सोमवार सकाळ. शुक्रवारीच खरेदी उरकायची, बॅगा खोलीत टाकून लगेच. आखेनच्या राज्यात बरीच दुकाने रात्री आठनंतरही उघडी असतात, पण दारावरची वेळ बघा. बायर्नमध्ये असती तर आठला सगळे बंद.

दोन दिवसांपुरते: दूध एक लिटर, पाव, लोणी २५० ग्रॅम, दही ५०० ग्रॅम, रोटे लिन्झन ५०० ग्रॅम, बासमती एक किलो, बटाटे, कांदे, केळी, मीठ, साखर, छोटे सूर्यफूल तेल, भांडी घासायचा साबण आणि स्पंज. साबण-स्पंज विसरतातच. हळद-तिखट-मोहरीच्या लहान पुड्या बॅगेतूनच न्या. लायटर किंवा काडेपेटी लागत नाही, शेगड्या विजेच्या.

ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेले खाते) महिन्याचे ९९२ युरो तिथे पोचून खाते सुरू झाल्यावरच येऊ लागतात, तोवर फॉरेक्स कार्ड आणि दीडशे-दोनशे युरो रोख असू द्यावे.

अनुस्वार :
आखेनला एक पळवाट आहे. सीमेपलीकडे लागूनच फाल्स हे डच गाव, शहरबसने जाता येते, आणि डच दुकाने रविवारी उघडी असतात. ३ ऑक्टोबरची सुट्टीही त्यांना नाही. गर्दी प्रचंड असेल, अर्धे आखेन तिथेच येते. डच बाटल्यांचा प्फांड मात्र जर्मन यंत्र घेत नाही, त्या तिथेच परत द्याव्या लागतात.